पहिल्या पानापुरता मास्तर

शहाद्यात मी नवशिक्यांना प्रोग्रामिंग शिकवतो. म्हणजे आदल्या दिवशी व्हिडिओ बघतो आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःला सुचल्यासारखं सांगतो. केस पांढरे आहेत, त्यामुळे खपून जातं.

वेबसाइटवरची माहिती प्रोग्रामने कशी उचलायची, हा धडा होता. लूपसाठी, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावण्यासाठी, माझं ठरलेलं उदाहरण: कापूस वेचायला सरीत शिरलात की या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, एकही झाड सोडायचं नाही. या उदाहरणावर मी फार खूश असायचो.

वर्गात धडगावकडची एक मुलगी होती, बारावी झालेली. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं तर कॉलेज, नाहीतर घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत. म्हणून सरावाला मी तीच यादी घेतली. तिचं नाव टाकलं, प्रोग्राम चालला. उत्तर आलं, ‘नाव सापडले नाही’.

“सर, खाली पुढची पानं दिसतायत. ती पण बघितली का यानं?” तिने विचारलं.

पुढच्या पानावर प्रोग्राम कसा न्यायचा, ते मला येत नव्हतं. तो व्हिडिओ बघायचा राहिला होता. मी म्हणालो, “सगळं बघतो तो. कॉम्प्युटर आहे.”

मागच्या बाकावरून कोरीटचे एक शेतकरी काका बोलले, “इतल्यामा व्हई गयं, सर? मन्ही बायको लगननी पत्रिका वाचाले यान्हापेक्षा जास्त येळ लावस.” वर्ग हसला. सर्वांत मोठ्याने मी हसलो.

दिवाळीनंतर तो व्हिडिओ पाहिला आणि प्रोग्राम सुधारून चालवला. तिचं नाव चौथ्या पानावर होतं. प्रवेशाची मुदत संपलेली, ती उसाच्या फडात. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. असं बऱ्याचदा केलं.

यंदा ती परत वर्गात आली, पुन्हा अर्ज करून. नवी यादी लागली त्या दिवशी मी सगळं सांगून टाकलं. माफीचं भाषण पाठ केलं होतं. तिने ते मध्येच थांबवलं.

“चौथ्या पानावर?”

“हो.”

 तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि माझ्या जुन्या प्रोग्राममधलं वाक्य बदललं: ‘पहिल्या पानावर नाव सापडले नाही’. त्याखाली पुढच्या पानांचा लूप लिहिला.

“मी यानं बघते,” ती म्हणाली. “तुम्ही हातानं बघा.”

मी मोबाइलवर दुसऱ्या पानावरच्या नावांवरून बोट फिरवत होतो तेव्हा ती हळूच म्हणाली, “सापडलं.”

मी बोट उचललं.

“थांबू नका, सर. सरी पूर्ण करा.”