गोष्टी कोणत्या ड्राइव्हमध्ये?

ताईच्या दुकानात बंद पडलेला कॉम्प्युटर आला, की संध्याकाळपर्यंत धडधाकट होऊन घरी जायचा. तिची पद्धत ठरलेली. सी ड्राइव्ह पुसायचा, नवी सिस्टीम टाकायची. लोकांचं सामान डीमध्ये असतं, त्याला हात लावायचा नाही. बघत बसायला वेळ कुणाला आहे, असं ती तोऱ्यात म्हणायची आणि तो तोरा तिला शोभायचाही.

आज मात्र समोर बाबांचा कॉम्प्युटर होता आणि शेजारी स्टुलावर खुद्द बाबा. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला होता. त्याआधी त्यांनी नातीसाठी, म्हणजे ताईच्या लेकीसाठी, गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. त्या फक्त याच मशीनमध्ये. दुसरी प्रत काढून ठेवा म्हणून ताई गिऱ्हाइकांच्या कानीकपाळी ओरडायची, आणि बापाच्याच बाबतीत राहून गेलं.

तिने पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं. काळी खिडकी उघडली. सवयीने सी पुसायची कमांड टाइप झाली, बोट एंटरवर गेलं आणि तिथेच अडलं.

"बाबा, डीमध्येच ठेवल्यात ना गोष्टी?"

बाबांनी मान डोलावली. तरी तिला धीर होईना. तिने कमांड खोडली आणि मशीनमधले सगळे ड्राइव्ह नावासकट दाखवायला सांगितले. ओळी उमटल्या. सीपुढे बाबांनी दिलेलं नाव होतं, 'गोष्टी'.

पेन ड्राइव्हवरून सुरू केलं की मशीन कधीकधी सी, डी ही अक्षरं आपल्या मनाने वाटतं; बाबांचा डी इथे सी झाला होता. ताईला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण कधी अंगाशी आलं नाही, म्हणून तिने बघायचंच सोडलं होतं. बाबांकडे बघायची हिंमत होईना.

आधी तिने गोष्टींची प्रत काढली. मग खात्री करायला एक गोष्ट लावली.

"अगं, ऐक तरी, पुढे गंमतच झाली," बाबांचा जुना खणखणीत आवाज दुकानभर घुमला. स्टुलावर बाबांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

मागच्या खोलीत चित्र रंगवत बसलेली नात धावत आली. "आई, आजोबा बोलले," म्हणत ती आजोबांच्या गुडघ्यांना वळसा घालून थेट स्पीकरपाशी गेली आणि त्याला कान लावून उभी राहिली.

बाबा उठले आणि नातीला बसायला त्यांनी आपलं स्टूल पुढे सरकवलं.