घारापुरीची दुसरी टेकडी

आमच्या शाळेत दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत: मोडक्या खुर्च्या आणि किस्से. खुर्च्या निदान गच्चीवर तरी टाकता येतात. किस्से मात्र माझ्या टेबलाभोवती साठतात, कारण मी शाळेचा क्लार्क आणि तास नसला की मास्तर लोकांना चहा प्यायला माझंच ऑफिस सापडतं. घारापुरीचं प्रकरण ताजं आहे तोवर सांगून टाकतो. उद्या चौधरी मॅडम त्यात आपलं तिखट-मीठ घालणार आणि मग माझं कोणी खरं मानणार नाही.

त्याचं झालं असं, की आमच्या तायडे अक्का रिटायर होत होत्या. इतिहासाच्या शिक्षिका, बत्तीस वर्षं जळगावात याच शाळेत. निरोपाला शाल नको, हे त्यांनी महिनाभर आधीच बजावलं. म्हणाल्या, "सात शाली पडून आहेत घरात. गाव जळगाव. पांघरू कधी?"

मग हवं तरी काय, असं विचारलं तर म्हणाल्या, घारापुरी दाखवा. झालं, आम्ही आठ जणांनी टूर बुक केली. मुंबईहून बोटीने बेटावर जायचं, ग्रुप छोटा, सोबत माहितगार गाईड, लेणी-बिणी सगळं बघून संध्याकाळी परत. आठातल्या तिघांनी जाताना डोळे मिटले ते येतानाच उघडले. म्हणून त्यांची नावं सांगत नाही.

*

आता दिवस हिवाळ्याचे. हिवाळ्यात जळगावचा माणूस घराबाहेर जेवायचं म्हटलं की भरीत पार्टीच करतो, मग शेतात जावो की समुद्रात. चौधरी मॅडम सावद्याच्या. त्यांनी रात्रीच हिरवी वांगी काड्यांवर भाजून, सोलून डब्यात भरली. मिरच्या, कांद्याची पात, शेंगदाणे, पुऱ्यांची चळत. इथवर ठीक होतं. पण मिक्सरमधलं भरीत त्यांना चालत नाही, म्हणून वांगी ठेचायची लाकडी बडगी आणि हातभर लांब मुसळही घेतलं!

धक्क्यावर पिशव्या तपासायला एक गार्ड. त्याने मुसळ बाहेर काढून दोन्ही हातांनी तोललं आणि हे कशाला, असं विचारलं. मॅडम गृहविज्ञानाचा तास घेत असल्यासारख्या तिथेच खाली बसल्या, वांगी बडगीत ओतली आणि त्याला करूनच दाखवलं. मागे रांग खोळंबली. गार्डने दोन पुऱ्या खाल्ल्या, हात पुसले आणि मुसळ स्वतः पिशवीत नीट ठेवून दिलं.

*

बोटीत चढताना ही गर्दी. आमचे पाटील सर पीटीचे, मूळ शिंदखेड्याकडचे, मिशी अशी की नवीन पोरं आधी मिशीलाच नमस्कार करतात. त्यांची शिट्टी रविवारीही गळ्यात असते. लोकांची ढकलाढकली बघून त्यांचा हात सवयीने शिट्टीकडे गेला.

एक लांब शिट्टी, दोन आखूड. आणि काय सांगू, अख्खा धक्का रांगेत! उंचीप्रमाणे. एका गोऱ्या जोडप्याने तर हात पुढे करून अंतरही घेतलं. पाटील सर स्वतःच गांगरले, कारण शाळेत त्यांचं इतकं कोणी ऐकत नाही. बोटीवरचा माणूस म्हणाला, साहेब, दर रविवारी येत जा.

*

बोट सुटली आणि महाजन सरांनी हजेरी घेतली. गणिताचे शिक्षक. सहल निघाली की दर अर्ध्या तासाला डोकी मोजायची, ही त्यांची जुनी खोड. निघालो आठ, मोजले नऊ. पुन्हा मोजले, पुन्हा नऊ. कमी भरले असते तर ते घाबरले नसते, त्याची सवय आहे. जास्त भरल्यावर त्यांना घाम फुटला.

शेवटी नाव घेऊन हजेरी सुरू केली. आठ नावं झाल्यावर कोपऱ्यातून एका गृहस्थांनी हात वर केला आणि गुजरातीत "हाजर" म्हणाले. सुरतचे होते. बायको-मुलं पुढच्या बाकावर, पण भरिताचा वास इकडे, म्हणून हे इकडे. महाजन सरांनी शांतपणे त्यांचं नाव वहीत नवव्या नंबरवर लिहिलं आणि मगच त्यांचा जीव भांड्यात पडला.

*

मी आणि चौधरी मॅडम अक्कांना घेऊन वरच्या डेकवर गेलो. त्यांचे गुडघे दुखतात, तिथे बाक रुंद होता. खाली पाटील सर सुरतच्या माणसाच्या पोरांना कवायत शिकवत होते. अक्का बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसल्या आणि मग मला म्हणाल्या, "नाना, मी घारापुरीला का निघाले, ते ठाऊक आहे? रिटायर व्हायच्या आधी मला माझं एक खोटं खरं करून घ्यायचंय."

मी हसलो. अक्का आणि खोटं! ज्या बाईंनी स्वतःला पाच मिनिटं उशीर झाला म्हणून माझ्याकडून मस्टरवर लाल शेरा मारून घेतला, त्या बाई.

तर गोष्ट अशी होती. अक्कांची नोकरी नवी, पहिलाच महिना, सातवीचा वर्ग आणि मागे तपासणीचे साहेब बसलेले. धडा लेण्यांचा. अक्कांनी पुस्तकाबाहेरचं सांगितलं, की घारापुरीला लेण्यांच्या पलीकडे दुसरी टेकडी आहे आणि तिथे बुद्धाचा जुना स्तूप आहे. एका पोराने हात वर केला, बाई, तुम्ही पाहिलाय का? साहेब मान वर करून बघताहेत. अक्कांच्या तोंडून हो निघून गेलं. मग पोरं विचारणारच, कसा आहे? अक्कांनी मनानेच रचून सांगितला. ते वर्णन वर्गाला इतकं आवडलं की पुढच्या वर्षी नवीन सातवीने स्वतःहून मागितलं. अशा बत्तीस सातव्या झाल्या.

"विचारणारा हाच," अक्का खाली बोट दाखवून म्हणाल्या. पाटील! तोवर पाटील त्यांचा विद्यार्थी, एवढंच आम्हाला माहीत होतं. "परीक्षेत त्याने माझं खोटं अक्षर न अक्षर लिहिलं आणि मी पैकीच्या पैकी मार्क दिले. रोज सकाळी पंचशील म्हणते, नाना. चौथं, खोटं न बोलण्याचं शील आलं की जीभ जड होते. खोटं बोलले ते बोलले, तेही बुद्धाच्या स्तूपावरून."

त्यांचे डोळे भरून आले होते. पाटलाला सांगू नका, एवढंच त्यांनी आमच्याकडून वदवून घेतलं. मला तेव्हा खरोखर वाटलं, की आज काही होवो, ही बाई त्या टेकडीवर पोचलीच पाहिजे.

*

बेटावर उतरलं की लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं. डोलीवाले खुर्ची घेऊन पुढे आले, दोन मिनिटांत वर नेतो म्हणाले. अक्कांनी त्यांना हात जोडले आणि म्हणाल्या, "माझ्या बापाने जन्मभर दुसऱ्यांची ओझी उचलली. मी कोणाच्या खांद्यावर बसायची नाही."

डोलीवाल्यांनी खुर्ची खाली ठेवली. पाटील सरांनी एका टोपीवाल्याचं प्लास्टिकचं स्टूल मागून आणलं. बारा पायऱ्या चढायच्या, बसायचं, पाणी प्यायचं. दुसऱ्या टप्प्याला पुढच्या दुकानदाराने आपलं स्टूल स्वतःच बाहेर काढलं. मग वरपर्यंत निरोप गेला, जळगावच्या बाई येताहेत. डोलीवाले रिकामी डोली घेऊन गप्पा मारत शेवटपर्यंत बरोबर चालले. वर पोचल्यावर अक्कांनी त्यांना भरीत-पुरी खायला बसवलं.

*

गाईडचं नाव म्हात्रे. पन्नाशीचे, याच बेटावर जन्मलेले, माहिती पक्की. त्यांनी मोठ्या लेण्यात मूर्तीपुढे आम्हाला उभं केलं आणि सुरुवात केली.

आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवणारी माणसं एकदा विद्यार्थी झाली की काय करतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. चौधरी मॅडम भिंतीआड केळी वाटत होत्या. पाटील सर खांबाला टेकून पेंगत होते. महाजन सर शेजारच्याला खांबांची संख्या समजावत होते, तेही मोठ्याने. म्हात्रे दोनदा थांबले. तिसऱ्यांदा म्हणाले, ते पट्ट्यापट्ट्याच्या शर्टवाले, मी आत्ता काय सांगितलं?

महाजन सरांना येईना. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या गृहस्थांनी मान खाली घातली आणि चक्क म्हणाले, सर, मी नव्हतो बोलत, हा बोलत होता. आणि बोट माझ्याकडे! एकट्या अक्का पुढे बसून वहीत टिपून घेत होत्या.

*

लेणी संपली. म्हात्रे म्हणाले, आता खाली चला, परतीची बोट चुकवू नका. अक्का मुकाट उठल्या. शाळेत खडूच्या रंगावरून भांडणारी बाई, पण स्वतःसाठी मागायची वेळ आली तर तोंडातून शब्द निघेना.

मीच म्हात्रेंना बाजूला घेतलं आणि दुसऱ्या टेकडीचं विचारलं. ते टूरमध्ये नाही म्हणाले, वाट कच्ची आहे, वेळ नाही, त्यात बाईंचे गुडघे. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. अक्कांना वचन दिलं होतं ते पाटलाला न सांगण्याचं, म्हात्रेंना नव्हे. म्हात्रे म्हणाले, इतक्या वर्षांत मला सगळे माकडं कुठे दिसतील ते विचारतात, ती टेकडी दाखवा असं कोणी म्हटलं नाही. त्यांनी बोटवाल्याला फोन लावला. तोवर चौधरी मॅडम बडगी घेऊन खाली निघाल्यासुद्धा, बोट भरितावर थांबवते म्हणून. महाजन सर वही घेऊन त्यांच्या मागे गेले. नंतर कळलं, की त्यांनी अख्ख्या बोटीची हजेरी घेतली. ती काही लवकर संपली नाही.

टेकडीवर आम्ही चौघंच गेलो. म्हात्रे पुढे, अक्का पाटील सरांच्या हाताला धरून, मागे मी. दर दहा पावलांना थांबत होतो. एकदा अक्का खाली बसल्या तेव्हा मला वाटलं, संपलं. पाटील आपल्या अहिराणीत म्हणाले, घाई काय शे, बोट भरीत खायी राहिनी. अक्का हसून उठल्या.

वर पोचलो आणि म्हात्रेंनी हात केला. समोर जुन्या विटांचा ढिगारा, त्यावर वाळलेलं गवत. बाकी काही नाही.

अक्कांनी चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटून म्हणायचं ते म्हटलं. मग वळल्या. "पाटील," त्या म्हणाल्या, "सातवीत मी या स्तूपाचं काय सांगितलं होतं?"

चव्वेचाळीस वर्षांचे पाटील सर हात मागे बांधून ताठ उभे राहिले. "बाई, पांढऱ्या दगडाचा मोठा घुमट. चारी बाजूंनी कोरीव कठडा. वर जायला पन्नास पायऱ्या. आणि वारा इतका, की पदर आवरत नाही."

अक्कांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. "मी तेव्हा इथे आलेच नव्हते रे. आज पहिल्यांदा बघतेय."

पाटील सरांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं. मग समुद्राकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यांनी अक्कांचे हात कानांवरून अलगद खाली घेतले.

"पण बाई," ते म्हणाले, "वारा मात्र तुम्ही सांगितला तसाच शे."

त्या वेळी त्या टेकडीवर झाडाचं पान हलत नव्हतं.