तोंडात राखलेल्या ओळी

आबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांच्या वहीतलं एकही गाणं पूर्ण नव्हतं. हे मुद्दाम तसं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथे नाचणी-वरी पिकायची आणि गणपतीच्या दिवसांत शक्ती-तुऱ्याचे सामने व्हायचे. एका बाजूला शक्तीवाले, समोर तुरेवाले, आणि गाण्यातून एकमेकांना सवाल. आबा शक्तीवाल्यांचे शाहीर. सवाल असायचा शेवटच्या ओळीत. ती आधी फुटली तर समोरचा उत्तर बांधून येणार, म्हणून त्यांच्या गुरूपासूनची रीत अशी, की गाणं वहीत लिहायचं पण शेवटची ओळ लिहायची नाही. ती शाहिराने तोंडात राखायची आणि सामन्यात एकट्याने म्हणायची. पाठच्या गड्यांनी फक्त ध्रुवपद उचलायचं.

मी महाडला हायस्कुलात मराठी शिकवायची. नवरा बिरवाडीच्या बाजूला कारखान्यात. घरात कॉम्प्युटर नव्हता. माझी कॉलेजातली एक मैत्रीण एका विद्यापीठात लोकगीतांच्या संग्रहावर काम करत होती. मी आबांच्या वहीबद्दल सांगितलं तर ती म्हणाली, "नुसतं टाइप करून पाठवू नकोस. खुणा लावून पाठव. इंटरनेटवर फुकट धडे आहेत, ते कर."

एसटी स्टँडजवळ एक सायबर कॅफे होता. प्लायवूडची खोकी, एक पंखा, आणि मधूनमधून जाणारी लाइन. शाळा सुटली की मी तिथे बसायची. धडे इंग्रजीत होते. जुना मजकूर कॉम्प्युटरला समजेल असा कसा लिहायचा, ते त्यांत होतं. हे कडवं, ही ओळ, हे माणसाचं नाव, असं प्रत्येक गोष्टीला कंस घालून सांगायचं. कंस उघडला की बंद करायचा. एक विसरला तर खालचं सगळं चुकलं म्हणून लाल रेघ. उदाहरणं होती परदेशातल्या कुणाच्या जुन्या पत्रांची आणि नाटकांची. मी त्यांच्या जागी आबांचं गाणं घातलं. सुरुवातीला जोडाक्षरं फुटायची, "शक्ती"चे तुकडे स्क्रीनवर वेगवेगळे दिसायचे. पानं छापून घरी आणायची, भात शिजेपर्यंत वाचायची. मला ते जमलं. शिक्षकाला धडा पाठ करण्याची सवय असते.

एक धडा गहाळ मजकुराचा होता. कागद फाटला, शाई उडाली, उंदराने खाल्लं, काय झालं ते लिहायचं. ती जागा दुसऱ्या कुणी भरून दिली तर कुणी भरली आणि खात्री किती, तेही लिहायचं. संग्रहाचा नियम सरळ होता. शेवट नसलेलं गाणं शाहिराच्या नावाखाली येणार नाही, ते "तुकडे" या विभागात जाईल.

शेवटच्या ओळी मी आबांना झटक्याच्या आधीच विचारल्या होत्या.

"सामने बंद पडतील तवा सांगीन," ते म्हणाले.

"आबा, बंद पडून किती वर्षं झाली? पोरं सगळी मुंबईला आहेत."

"गणपतीला येतात ना? मग?"

येत होती. टीव्ही लावून बसत होती. आबा ते हिशेबात धरत नव्हते. मग पावसाळा सरता सरता झटका आला. मी त्यांना महाडला आणलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढंच राहील. भावाला मुंबईला फोन केला. त्याला एकही ओळ येत नव्हती. "आता त्या गाण्यांचं काय घेऊन बसलीस?" म्हणाला. मी काही घेऊन बसले नव्हते. कपडे धूत होते, आबांना कुशीवर वळवत होते, आणि मधल्या वेळात फाइल करत होते.

मग लक्षात आलं की त्या ओळी अजून एका माणसाने नीट ऐकलेल्या असणार. ज्याला उत्तर द्यायचं होतं त्याने.

तुरेवाला शाहीर आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत होता. आबांच्याच वयाचा, वाळलेला, धडधाकट. निरोप पाठवला तर सकाळच्या एसटीने हजर. दारातूनच ओरडला, "काय रे शक्तीवाल्या, निजलास? उठ, सवाल घाल!"

आबांनी मान हलवली. नाही.

मी वहीतलं पहिलं गाणं वाचलं, बीज आणि झाडाचं. शेवटाशी थांबले. म्हातारा लगेच म्हणाला, "मातीवाचून बीज कोरडं, कोण तिचा धनी, सांग." आणि माझ्याकडे वळला. "ह्या ओळीवर मी हरलो होतो गो. इसरेन व्हय?"

मी आबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. नाही. जोरात.

"आबा, ही ओळ नव्हे?"

नाही.

दुसरं गाणं. म्हाताऱ्याने ओळ दिली. नाही. तिसरं. नाही. म्हाताऱ्याचा पारा चढला. "मला खोटा पाडतोस? खाटेवर पडून पन?" मग त्याने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि चौथ्या गाण्याला भलतंच काहीतरी लावलं: "म्हैस चढली आंब्यावर, शाहीर शोधतो शेपूट."

आबांनी मान हलवली. तशीच. तेवढीच.

मी चहा आणला. "आबा, चहा देऊ?" त्यांनी मान हलवली आणि तोंड उघडलं. मी चमच्याने पाजला, सगळा प्याले.

"हा कायपन नायच म्हणतो गो," म्हातारा हळू म्हणाला. जाताना त्याने आबांच्या चांगल्या हाताला हात लावला. आबांनी तो ओढून घेतला.

मला तेव्हा वाटलं, आजाराने त्यांच्याजवळ एवढी एकच खूण शिल्लक ठेवली आहे, तिचा अर्थ लावण्यात हशील नाही. उरलेल्या गाण्यांसाठी मी त्याच्या वाडीत जाऊन आले आणि सगळ्या ओळी घातल्या. भरून देणारा: समोरच्या पक्षाचा शाहीर. खात्री: पुरेशी. तपासणी लावली, एकही लाल रेघ आली नाही. मैत्रिणीने कळवलं, सगळी गाणी आबांच्या नावाखाली येतील. ते मी आबांना कानाशी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. दिवाळीनंतर ते गेले.

दहाव्याला आम्ही वाडीवर होतो. तुरेवाला म्हातारा आला, जेवला, आणि माझ्याजवळ येऊन बसला.

"पोरी, एक सांगायचं ऱ्हायलं. आमच्यात समोरच्याची वळ सरळ परत देत नाय. एखादा शब्द वाकडा करायचा, मग उत्तर द्यायचं. लोक हसतात, त्याचा सवाल हलका होतो. तसंच शिकिवलंय आमाला."

"मग तुम्ही मला सांगितल्या त्या?"

"मी ज्या म्हनत आलो त्या सांगितल्या. इतकी वर्सं वाकड्याच म्हनत आलो."

"सरळ कशा होत्या?"

त्याने बराच वेळ विचार केला. खरंच केला, मी बघत होते. "नाय गो. आता माझ्या तोंडात माझ्याच हायत."

"म्हणजे आबा मान हलवत होते ते बरोबर होतं?"

"असंल. नायतर चहालाबी नाय म्हनत होता."

महाडला परत आले आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कॅफेत गेले. फाइल उघडली. ओळी काढून टाकल्या नाहीत. काढल्या असत्या तर तेवढंही गेलं असतं. प्रत्येक ओळीची खात्री बदलून "कमी" केली. खाली टीप घातली: भरून देणाऱ्याच्या पक्षात समोरच्याची ओळ बदलून म्हणण्याची रीत आहे. मूळ शाहिराने यातल्या काही ओळी ऐकल्या आणि नकार दिला. नकाराचा अर्थ नक्की नाही. गहाळ असण्याचं कारण मागणाऱ्या जागेत लिहिलं: शाहिराने लिहिली नाही.

तपासणी लावली. फाइल बरोबर होती. कंस सगळे बंद होते.

मैत्रिणीचा मेल आला: एवढ्या कमी खात्रीवर नियमाप्रमाणे गाणी पूर्ण धरता येत नाहीत, वाईट वाटतं. मी लिहिलं, नियम बरोबर आहे. आबांची सगळी गाणी "तुकडे" विभागात गेली. शाहिराचं नाव तिथे टिपेत येतं, बारीक अक्षरात, आणि त्याच्या लगेच खाली तुरेवाल्याचं.