डोईफोड्यांचा दयासागर

सलूनवाल्याचा हात असा हलका की रडकी पोरंसुद्धा त्याच्या खुर्चीत गप बसत. पण पाटी रंगवणाऱ्याने घात केला. "आडनाव ठळक असलं की गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो," असं म्हणत त्याने नव्या पाटीवर लालभडक रंगात लिहून टाकलं: 'डोईफोडे केशकर्तनालय'. त्यात 'फो'चा रंग ओघळला.

नवी गिऱ्हाइकं पायरीपर्यंत येत, पाटी वाचत, टाळूवरून हात फिरवत आणि सटकत.

"आडनाव बदला, नाहीतर धंदा," बायकोने बजावलं.

"आधी त्याचा अर्थ तरी कळू दे," म्हणत तो काकांकडे गेला. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्याही तिथेच पाय पसरून बसली होती.

काकांनी मिशीला पीळ दिला. "आपला मूळपुरुष लढवय्या! एकेका फटक्यात शत्रूची डोकी..."

"डोंबलाची डोकी!" आत्या कडाडली. "शत्रू कुठून आणलास? माणूस ताडमाड उंच, आणि ताठा त्याहून उंच. दार ठेंगणं असलं तरी वाकायचा नाही. रोज चौकट कपाळावर! फोडली ती स्वतःचीच डोई. टेंगळांवर पट्ट्या बांधून बांधून घरातली फडकी संपली म्हणे."

"आणि माझं नाव दयासागर कसं?"

"तुझ्या आईची अक्कल. म्हणाली, आडनावाने केलेलं नुकसान नावाने भरून काढू."

सलूनवाल्याला हसू आवरेना. त्याने आडनावाआधी 'दयासागर' रंगवून घेतलं आणि दारात थबकणाऱ्याला हाक मारू लागला, "या हो! आमच्यात फक्त स्वतःचं डोकं फोडतात!" मग मूळपुरुषाची गोष्ट. लोक हसत आत येत आणि केस कापून झाले तरी उठत नसत.

काका मात्र धुसफुसत होते. एकदा दाढीला आले आणि भरल्या दुकानात त्यांनी सुरू केलं, "ऐका, खरं काय ते मी सांगतो. मूळपुरुष लढवय्याच होता. त्याने..."

वस्तरा नेमका गळ्याशी आला होता.

"काका, हलू नका हं," सलूनवाला प्रेमाने म्हणाला. "कोणाची डोई म्हणालात?"

काकांनी आरशात पाहिलं. आवंढासुद्धा गिळला नाही.

"स्वतःचीच," ते ओठ न हलवता म्हणाले.

सगळं दुकान खदखदून हसलं. फेसाखाली काकाही हसले, पण वस्तरा बाजूला झाल्यावर.