तुपाचं बोट

नारीन शहरातल्या इस्पितळाबाहेर बातमाकान उजवं बोट ओढणीत लपवून बसली होती. गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला पहिलं तूप चाटवायचा मान या बोटाचा. परवा नातवालाही तिनंच चाटवलं, आणि संध्याकाळपासून बाळ हिरवं ओकू लागलं. पोट ढोलकीसारखं फुगलं. आता आत ऑपरेशन चालू होतं.

"आपा, त्या बोटाला अटक झालीय का?" तिचा मुलगा, बाळाचा बाप कुबान, आईला चिडवायला गेला, पण त्याची नजर ऑपरेशनच्या दारावरच होती.

"गप रे मेल्या! तुला चाटवलं तेव्हा मेंढ्या बुजल्या इतका बोंबललास. हा रडलासुद्धा नाही."

दार उघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतड्यात गाठ होती, तिनंच वाट अडवली होती. काढली. कॅन्सरची वाटत नाही, तरी तपासायला पाठवतोय. बाळ बरं आहे."

बातमाकाननं कसंबसं विचारलं, "त्याच्या पोटात तूप गोठलं होतं का हो?"

"नाही आजी. बाळ आईच्या पोटात असतानाच ही गाठ वाढलेली. तूप नसतं चाटवलं, तरी ओकलाच असता."

बातमाकाननं बोट बाहेर काढलं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि डोळे पुसत विचारलं, "बाई, तुमच्याकडे कुणी बाळंतीण व्हायचीय का? मी येईन."