कानाकडे जाणारा हात

समोरच्या गच्चीवर एक आजोबा संध्याकाळी एकटेच माउथ ऑर्गन वाजवतात. सूर घसरला की "गेला की हो!" म्हणून स्वतःशीच हसतात आणि पुढे वाजवत राहतात.

मी पेटी वाजवते ती खिडक्या लावून. शिकताना सूर चुकला की बाईंसमोर कान धरायची सवय लागली. आता बाई नाहीत, घरात दुसरं कुणीच नाही, तरी हात कानाकडे जातोच. माफी मागायची तरी कुणाची?

आज खिडकी उघडी ठेवली. निषाद चुकला. हात कानाकडे निघाला तसा भाता थांबला आणि घर एकदम गप्प झालं. ती शांतता मला सोसेना. हात परत भात्यावर ठेवला, चुकत चुकत वाजवत राहिले.

समोरून आवाज आला, "गेला की हो!"

कितीतरी दिवसांनी या घरात कुणीतरी हसलं.