सहावं वर्ष

तुळजापूरच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली माझं डेस्क असायचं. लोकांना अर्ज लिहून द्यायचे, हा माझा धंदा. आमचं घर पुजाऱ्याचं. पण पोरगा कचेरीत चिकटेल या आशेनं वडिलांनी मला निजामाच्या उर्दू शाळेत घातलं होतं. शाळा संपते न संपते तोच पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. पुढं आमचा मुलूख मुंबई राज्यात सामील झाला, कारभार मराठीत आला आणि माझं उर्दू अडगळीत पडलं. मित्र मला चेष्टेनं 'खानसाहेब' म्हणायचे. मी वरवर हसायचो आणि आतून जळायचो.

मग कुळांच्या जमिनींचे दावे सुरू झाले. लोकांनी ट्रंकेच्या तळातून जुने उर्दू कागद काढले आणि ते कुणालाच वाचता येईनात. नवे तहसीलदार पुण्याकडचे, त्यांना तर अलिफदेखील ठाऊक नव्हता. सगळी गर्दी माझ्या डेस्कापुढं. जे लोक मला खानसाहेब म्हणायचे, तेच आता 'अहो मुनशी' म्हणू लागले. डोक्यात हवा जायला एवढं पुरे होतं. कागद हातात घ्यायचा, एकदा नजर फिरवायची, मतलब सांगायचा, पैसे घ्यायचे आणि पुढच्याला बोलवायचं. दिवसाला जितके कागद जास्त, तितकं गल्ल्यात जास्त. मला सोलापूरला जाऊन विम्याची एजन्सी घ्यायची होती. कमिशन, फटफटी आणि खालच्या मजल्यावर स्वतःचं ऑफिस, इथपर्यंत माझं ठरलं होतं.

अशातच तामलवाडीची एक बाई आली. वय पन्नाशीचं, नवरा वारलेला, घरात दोन बैल आणि ती. फडक्यात गुंडाळलेला कौलनामा तिनं माझ्यापुढं ठेवला. कौलनामा म्हणजे जमीन कसायला दिल्याचा करार. जमिनीचा मालक हैदराबादेत राहायचा आणि आता त्याला जमीन परत हवी होती. सुनावणी पुढच्या सोमवारी होती. कायद्याचं म्हणणं सोपं होतं. ठरवून दिलेल्या तारखेच्या आधी सलग सहा वर्षं जमीन कसली असेल, तर कुळाला कुणी हात लावू शकत नाही.

कागदावर फसली साल होतं, निजामाचं सरकारी साल. त्याचं इसवी सन करायला पाचशे एक्याण्णव मिळवायचे, हे मला तोंडपाठ होतं. मी मिळवले आणि सांगून टाकलं, "पाचच वर्षं भरतात, मावशी. कागदात जीव नाही."

तिनं एकच विचारलं, "नीट बघितलं का, मुनशी?"

मला राग आला. मी तिला माझं शिक्षण ऐकवलं. तिनं कागद घडी करून कमरेला खोचला आणि गेली. मी पुढच्याला बोलावलं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी मी घरी विम्याच्या एजन्सीचा फॉर्म भरायला बसलो. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून काढली. दाखलाही उर्दूतच, साल फसली. हिशेब करून मी आईला म्हणालो, येत्या दिवाळीत मला सव्वीस पुरी होतील. आई भाकरी थापत होती. म्हणाली, सत्तावीस. मी दाखला दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

"कागदाला काय ठाऊक तू कधी झालास? तिथं मी होते."

मग तिनं पिठाच्या बोटांनी एकेक दिवाळी मोजायला सुरुवात केली. या दिवाळीत रांगलास, त्या दिवाळीत पणतीवर हात भाजून घेतलास, त्या दिवाळीच्या आधी मुंज. एकही दिवाळी इकडची तिकडं होईना. तिची चूक दाखवायची म्हणून मी पुन्हा आकडेमोड केली, तर चूक माझीच निघाली. फसली साल बदलायचं ऐन दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास. पहिले तीन महिने जुन्याच इसवी सनात पडायचे. त्यांना पाचशे नव्वद मिळवायचे. पाचशे एक्याण्णव उरलेल्या नऊ महिन्यांना. हे शाळेत मास्तरांनी छडी मारून शिकवलं होतं. माझा जन्म 'दै' महिन्यातला, म्हणजे दुसऱ्या. आणि तामलवाडीच्या कौलनाम्यावरही दैच होता.

तिची वर्षं सहा भरत होती. सुनावणी दुसऱ्याच दिवशी दुपारी होती, आणि माझ्यावर विसंबून ती येणार नव्हती. ती आली नाही, तर निकाल एकतर्फी होणार होता.

सकाळच्या पहिल्या सोलापूर गाडीनं मी तामलवाडी गाठली. बाई अंगणात बसली होती. बैल दावणीला, पेरणीचे दिवस असून तिफण कोपऱ्यात. चार माणसांदेखत मी म्हणालो, मावशी, मी चुकलो; तुमची सहा भरतात. मला वाटलं होतं, तिला आनंद होईल.

"तुमच्या एका सांगण्यावर म्या बियाणं इकलं," ती म्हणाली. "मालकाच्या कारभाऱ्याला सोडते म्हून सांगून बसले. आन आता व्हय म्हनता?"

मी म्हणालो, सुनावणी आज दुपारीच आहे, माझ्याबरोबर चला. मला तसंच उभं ठेवून तिनं बैलांना वैरण टाकली, आणि मग आत जाऊन कागद घेऊन आली. परतीची गाडी भरून आली आणि न थांबता गेली. सोलापूरहून येणाऱ्या सरकीच्या ट्रकात, पोत्यांवर बसून आम्ही तुळजापूरला पोचलो. माझं कडक इस्त्रीचं धोतर पार पोतेरं झालं.

कचेरीत पुकारा होतच होता. मालकाच्या वकिलानं पाच वर्षांचा हिशेब मांडला. कारभाऱ्यामार्फत माझं म्हणणं त्याच्या कानावर गेलंच होतं. मी बोलायला उभा राहिलो, तसा तो हसून तहसीलदारसाहेबांना म्हणाला, गेल्या आठवड्यात हेच गृहस्थ पाच म्हणत होते. यांचं कुठलं खरं धरायचं? साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. भरल्या कचेरीत, माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, कान तापून लाल झालेले, तरी मी म्हणालो, "मी चुकलो होतो, साहेब. घाईनं वाचलं. माझ्या शब्दावर जाऊ नका, रेकॉर्डातली तारखा जुळवायची जुनी जंत्री मागवा."

शिपायानं धूळ झटकत जंत्री आणली. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मी दैच्या ओळीवर बोट ठेवलं. समोरची इंग्रजी तारीख साहेबांनी स्वतः वाचली, मग पेन्सिलीनं वर्षं मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली. सहा वर्षं भरून वर महिना-दीड महिना उरत होता. त्यांनी वकिलाला विचारलं, आणखी काही म्हणायचंय? त्यानं कागद आवरायला घेतले.

निकाल ऐकून मला तिथंच मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. आयुष्यात एवढा आनंद मला कशाचा झाला नव्हता, आणि त्यातला एक पैसाही माझ्या गल्ल्यात पडणार नव्हता. जे उर्दू मी लाजेनं लपवत होतो आणि नंतर घाईघाईनं विकत होतो, त्यानं एका बाईच्या पायाखालची जमीन राखली होती. बाजारातून ज्वारीचं बियाणं घेऊन मी तिला दिलं. तिनं ते घेतलं, आभार मानले नाहीत. तेही बरोबरच होतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी डेस्क उघडलं, तर ती समोर हजर. बरोबर तामलवाडीची आठ-नऊ माणसं, प्रत्येकाच्या हातात फडक्यातला एकेक कागद. मला वाटलं होतं, चुकणाऱ्या मुनशीकडं आता चिटपाखरू फिरकणार नाही. तिनं सगळ्यांना सावलीत बसवलं, पहिला कागद डेस्कावर ठेवला आणि म्हणाली, "सावकाश वाचा, मुनशी. आमी इथंच बसतो."

मी वाचला. मग पुन्हा वाचला, महिना पाहिला, जंत्री पाहिली. कुणीही चुळबुळ केली नाही. नुसतं वाचायचे पैसे मी त्या दिवशी घेतले नाहीत, आणि पुढंही कधी घेतले नाहीत. पोटापुरतं अर्ज लिहून मिळत होतं. संध्याकाळपर्यंत माझे चारच कागद झाले. उरलेल्यांना उद्या या म्हणून मी घरी गेलो आणि आईला सांगितलं, सोलापूरला जात नाही.